जुना संगणक उठेना: चाळीस रुपयांपासून पुढे

ज्या गावात छापलेलं लाला रामस्वरूप पंचांग दूरदूरच्या घरांत भिंतीवर टांगलेलं असतं, त्या जबलपुरात आमचा संगणक रोज १ जानेवारी १९८० या तारखेला जागा व्हायचा. जागा म्हणजे तरी कसा! बटण दाबलं की पंखा फिरायचा, पडदा काळाच. दोन-तीनदा बंद-चालू केलं की मेमरी मोजायला लागायचा, मग ‘एफ-वन दाबा’ म्हणून अडून बसायचा. विंडोज ९८चे ढग येऊन काम करण्याजोगी स्थिती होईपर्यंत आमचा चहा होऊन कपही विसळून व्हायचे. एके दिवशी ढगही आले नाहीत. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ: डिस्क बूट फेल्युअर.

डबा उचलून एका दुकानात नेला. तिथल्या पोराने झाकण न उघडताच निकाल दिला, “भैया, हार्ड डिस्क गई. फॉरमॅट मारेंगे, पाँच सौ लगेगा. नहीं तो नया ले लो.” डिस्क गेली असेल तर फॉरमॅट कशावर मारणार, आणि फॉरमॅट होणार असेल तर डिस्क गेली कशी? हे मला तिथे सुचलं नाही, घरचा जिना चढताना सुचलं. म्हणून फॉरमॅट टळलं. तो संगणक पुढे ८६० रुपयांत उठला आणि डिस्क धडधाकट निघाली. त्या ८६० रुपयांचा हिशेब पुढे येईलच. पण आधी एक खुलासा. इथले सगळे भाव ढोबळ आहेत. मेमरी आणि एसएसडी यांचे भाव तर शेजारच्या सराफ्यातल्या सोन्यासारखे वरखाली होतात, ते आदल्या दिवशी विचारूनच घराबाहेर पडा.

असला डबा आजही कोण ठेवतं, असं विचाराल. त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून १९३९ साली बांधलेल्या कमानिया गेटपासून फुहाऱ्याकडे आणि सराफ्याकडे ज्या गल्ल्या फुटतात, तिथे हिशेबाच्या, बिलाच्या, छपाईच्या कामाला लावलेली असली यंत्रं अजून सापडतात. मराठी घरांत आणि मंडळांत कारण बहुतेक वेळा एकच असतं, जुना मजकूर. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, आजोबांनी टाइप करवून घेतलेली वंशावळ, हे सगळं पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीच्या फाँटात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घेतली की तिच्याबरोबर एक डोंगल यायचं, प्रिंटरच्या पोर्टात खोचायची कुलपाची डबी. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. त्याहून जुनी यंत्रं असतील तर त्यांत पुण्याच्याच सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं असायचं, डॉसवर देवनागरी दाखवणारं. ते तर नव्या मदरबोर्डाला बसायची सोयच नाही. तेव्हा हा जुन्या वस्तूंचा शौक असेलच असं नाही. पुष्कळांची ती अडचण असते.

आणि म्हणूनच खर्चाआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: मला यंत्र वाचवायचं आहे, की त्यातला मजकूर? दुकानदाराला “बस, ठीक कर दो” एवढंच सांगितलं, तर तो त्याच्या सोयीचं ‘ठीक’ करतो. त्याच्या लेखी विंडोज सुरू झालं की काम संपलं, तुमच्या लेखी तिथे ते सुरू व्हायचं असतं. मजकूर हवा असेल तर पहिलं वाक्य हे असू द्या: “डिस्क पे कुछ लिखना नहीं, पहले कॉपी.” आणि पावतीवरही तेच लिहून घ्या.

तारीख विसरतोय? घड्याळवाल्याकडे जा

तारीख मागे जाणं, ‘सीमॉस चेकसम एरर’ असा निरोप येणं, दर वेळी एफ-वन मागणं, या सगळ्यामागे मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल असतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तीस ते साठ रुपये. संगणकाच्या दुकानात जायचीही गरज नाही, घड्याळवाल्याकडे मिळतो. मल्टिमीटर असेल तर मोजा, २.७ व्होल्टच्या खाली आला असेल तर बदला. मल्टिमीटर अडीचशे-तीनशेला येतो आणि या धंद्यात पहिल्याच वेळी वसूल होतो.

सेल काढण्याआधी सेटिंगच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पेंटियम आणि त्यापुढच्या यंत्रांना सहसा डिस्क आपोआप सापडते. पण ३८६ किंवा ४८६ असेल तर सेल मेला की ते यंत्र डिस्कचं सिलिंडर, हेड आणि सेक्टरचं मापच विसरतं, आणि डिस्क असूनही ‘नाही’ म्हणतं. ती तीन मापं बहुधा डिस्कच्या लेबलवरच छापलेली असतात. सेटिंगमध्ये हाताने भरली की झालं. हे माहीत नसलेल्या माणसाकडे असा संगणक गेला तर ‘डिस्क गई’ हाच निकाल येणार, आणि तो माणूस खोटं बोलत नसेल. त्याचा जन्मच बहुधा त्यानंतरचा असतो.

या जुन्या बोर्डांवर आणखी एक भानगड असते. नाण्यासारख्या सेलऐवजी निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली पिंपासारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती वर्षानुवर्षं पडून राहिली की पाझरते, आणि तो क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. जबलपूरचा पावसाळा त्याला साथ देतो. तुमच्या माळ्यावर असं यंत्र असेल आणि ते सुरू करायचा आज विचारही नसेल, तरी झाकण उघडून ती बॅटरी कापून काढा. हे काम फुकट आहे, न केल्यास बोर्ड जातो. पाझरलेली असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाने लावून क्षार मारायचा, मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवणं. अल्कोहोलची छोटी बाटली शंभर-दीडशेला मिळते. तुटलेल्या रेषा तारेने जोडायच्या तर पाचशे ते दीड हजार, आणि करणारा माणूस मिळाला तर.

बटणाला दाद नाही

पंखा फिरतो पण पडदा काळा, किंवा चार वेळा बटण दाबल्यावर पाचव्यांदा चालू होतो. यात पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा, म्हणजे त्या पत्र्याच्या पेटीतल्या वीजपुरवठ्यावर. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की थंड असताना त्यांना जोर येत नाही. दोन-चार झटक्यांत तापले की चालतात. लोक म्हणतात, “सवय आहे त्याची.” ती सवय नव्हे, दम लागलेला आहे.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. मल्टिमीटर लावला तर पिवळ्या तारेवर बाराऐवजी १०.९ व्होल्ट. या तारेवर पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४च्या खाली जाता कामा नये. हार्ड डिस्कची मोटार याच बारा व्होल्टवर फिरते. तिला पुरेसा जोर मिळेना, म्हणून डिस्क फिरेना, म्हणून ‘बूट फेल्युअर’, म्हणून ‘डिस्क गई’. नवा साधा एसएमपीएस पाचशे ते नऊशेला येतो, आमचा साडेसहाशेला आला. बाजारात ‘४५० वॅट’ लिहिलेल्या हलक्या पेट्यांवर फार विश्वास ठेवू नका, पण जुन्या पेंटियमची भूक इतकी कमी असते की बहुधा तीही चालून जाते.

यंत्र आणखी जुनं, एटी पद्धतीचं असेल, म्हणजे पुढच्या बटणालाच घरची वीज येत असेल, तर नवी पेटी मिळणार नाही. गुरंदी बाजारात जुनी शोधायची, तीन-चारशेला, किंवा एटीएक्सवरून एटी करणारी जोडतार ऑनलाइन मागवायची. एटीचे दोन प्लग बोर्डाला लावताना काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड जळतो, आणि त्याला भाव विचारायची गरज उरत नाही.

एसएमपीएसची पेटी स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो, तो प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतो. तीच गोष्ट जुन्या काचेच्या मॉनिटरची, तिथे तर हजारोंनी व्होल्ट. साडेसहाशे रुपये वाचवायला हात घालावा अशी ती जागा नाही.

पुरवठा ठीक असेल तर मेमरीच्या पट्ट्या. काढायच्या, सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या, भुगा झटकायचा, अल्कोहोलने पुसून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत परत बसवायच्या. पाच रुपये. पावसाळ्यात बंद पडलेल्या संगणकांतले कितीतरी एवढ्यावर उठतात. हेच काम दुकानात ‘सर्व्हिसिंग’ नावाने दोनशे-तीनशेचं होतं. त्यात गैर काही नाही, हाताची मजुरी आहे, पण ‘रॅम बदली’ म्हणून आठशे लावले तर जुनी पट्टी परत मागा. वापरलेली एसडी-रॅम दीडशे-तीनशेला आणि डीडीआर-टूची दोन जीबीची पट्टी अडीचशे-चारशेला मिळायला हरकत नाही.

यंत्र शिट्ट्या मारत असेल तर त्या मोजा, तो त्याचा तक्रार-अर्ज आहे. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्ड. थांबून थांबून लांब शिट्टी म्हणजे बहुधा मेमरी. एक छोटी म्हणजे सगळं ठीक. शिट्टीच नाही आणि पडदाही नाही, तर पोस्ट कार्ड नावाची छोटी पट्टी पीसीआयच्या खाचेत लावतात, ती दोन आकड्यांत कुठे अडलं ते सांगते. अडीचशे-चारशेला येते. ज्या मेकॅनिककडे ती आहे त्याच्याकडे यंत्र द्या, ज्याच्याकडे नाही त्याला निदान फुकट करू द्या.

मग बोर्डावरचे कपॅसिटर. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डांवर खराब प्रतीचे कपॅसिटर बसले, जगभर. डोकं सपाट असायला हवं, ते फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेलं दिसलं की ओळखा. एकेक कपॅसिटर पाच-पंधरा रुपयांचा, आणि ‘लो ईएसआर’ प्रकारचा हवा, कुठलाही चालत नाही. आठ-दहा बदलायची मजुरी चारशे ते हजार. आणि इथे माझं एक ठाम मत आहे: हे काम संगणकवाल्याकडे देऊ नका, जुन्या टीव्ही-रेडिओ मेकॅनिककडे द्या. आजचा संगणकवाला पार्ट बदलतो, सोल्डरिंगच्या कैयाला त्याने हात लावून वर्षं झालेली असतात. टीव्हीवाल्याचं आयुष्य कपॅसिटर बदलण्यात गेलेलं असतं. शिवाय जबलपूर हे गन कॅरेज फॅक्टरीचं, व्हेईकल फॅक्टरीचं, खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं आणि टेलिकॉम ट्रेनिंग सेंटरचं गाव आहे. ज्याच्या हातात सोल्डरिंगची कला आहे असा एखादा निवृत्त काका ओळखीत निघतोच. मराठी घरांत तर हमखास, अर्ध्या घरांचं इथलं बस्तानच या कारखान्यांनी आणि रेल्वेने बसवलं.

उठतो, पण रखडत

हळू सुरू होणाऱ्या यंत्रावर पैसे खर्च करायच्या आधी ते नेमकं कुठे रखडतं ते बघा. विंडोज ९८ सुरू होताना कंट्रोल किंवा एफ-एट दाबून धरलं की यादी येते. त्यातला ‘लॉग्ड’ पर्याय घ्या. सी ड्राइव्हवर बूटलॉग नावाची फाइल तयार होते, तिच्यात प्रत्येक पायरीची नोंद असते. बंद पडला तर कुठल्या ओळीवर थांबला तेही कळतं. हे फुकट आहे, आणि मला भेटलेल्या मेकॅनिकांपैकी एकानेही ते आपणहून केलेलं पाहिलं नाही.

मराठी छपाईच्या यंत्रांत एक खास रोग असतो, फाँटांचा. प्रत्येक गिऱ्हाईक आपली सीडी घेऊन येतं, प्रत्येक सीडीतून दोनशे फाँट आत जातात, आणि कुणीही काही काढत नाही. विंडोज ९५-९८ची फाँटांची मर्यादा साधारण हजाराची आहे. तिच्या जवळ गेलं की सुरुवात रांगते, पेजमेकर उघडताना झोपतो आणि फाँट यादीतून गायब होऊ लागतात. उपाय: दुसरा फोल्डर करून रोज न लागणारे फाँट तिकडे हलवणं. हलवणं म्हणतोय, पुसणं नाही. दहा वर्षांपूर्वीची स्मरणिका उघडताना नेमका तोच लागतो. खर्च शून्य, एक दुपार.

दुसरं कारण, नेटवर्क कार्ड आहे पण तार लावलेली नाही. यंत्र सुरू होताना पत्ता मागत बसतं आणि कुणी देत नाही. त्याला ठरलेला पत्ता भरून द्या, नाहीतर कार्डच काढा. तिसरं, कधीकाळी लावलेल्या स्कॅनरचे आणि कालबाह्य अँटिव्हायरसचे अवशेष. ‘एमएसकॉन्फिग’मधून त्यांची खूण काढा. जे यंत्र इंटरनेटला जोडलेलंच नाही त्यावर २००३ सालचा अँटिव्हायरस राखण करतोय, हे म्हणजे रिकाम्या दुकानाबाहेर बसवलेला चौकीदार. मात्र पेनड्राइव्ह लावत असाल तर तो आधी नव्या संगणकावर तपासा.

विंडोज एक्सपी असेल तर आणखी एक छुपी गोष्ट. डिस्ककडून माहिती आणताना सहा वेळा चूक झाली की एक्सपी वेग उतरवत नेतं, आणि शेवटी ‘पीआयओ’ नावाच्या बैलगाडीवर आणून ठेवतं. मूळची चूक दुरुस्त केली तरी बैलगाडी तशीच राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेल काढून यंत्र परत सुरू केलं की वेग परत येतो. पण चूक झालीच का, तेही बघायला हवं. बरेचदा कारण ती चपटी करडी तार असते. तिचे दोन प्रकार, ४० तारांची आणि ८० तारांची. दिसायला प्लग सारखेच. डिस्क वेगाची असेल तर ८० तारांचीच हवी. पन्नास ते शंभर रुपये. आमच्या डब्यात कुणीतरी कधीतरी ४० तारांची खोचून ठेवली होती, तीही उंदराने चाखलेली. सत्तर रुपयांत नवी आली. तर आमचा हिशेब असा: सेल ४०, तार ७०, एसएमपीएस ६५०, बसवण्याची मजुरी १००. एकूण ८६०.

डिस्क खरंच आजारी असेल तर

आधी फुकटच्या गोष्टी. ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ किंवा ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असं दिसलं की पहिल्यांदा फ्लॉपी, सीडी, पेनड्राइव्ह आत राहिलाय का बघा. हसू नका, हा निरोप घेऊन रिक्षाचं भाडं भरून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तसं काही नसेल तर कान लावा. एकसारखी घरघर बरी. टक्-टक्-टक् असा ठेका धरला असेल तर तिथेच प्लग काढा. दर वेळी चालू करून बघण्यात उरलीसुरली माहितीही खरवडली जाते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला देणारे लोक अजून भेटतात. दवाचा थेंब आत गेला की मग कोणीच काही करू शकत नाही.

डिस्क फिरतेय पण अडखळतेय, तर दुरुस्तीचे प्रयोग तिच्यावर करायचे नाहीत. आधी नक्कल. आयडीई आणि साटा, म्हणजे डिस्कच्या जुन्या आणि नव्या दोन्ही जोडण्या घेणारा यूएसबी अडॅप्टर सहाशे-नऊशेला मिळतो. चांगल्या संगणकाला जोडून आख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्यायची. डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर खराब जागा सोडून आधी चांगल्या जागा उचलतं, मग मागे येऊन खराब जागांवर पुन्हा प्रयत्न करतं. दुकानात हे काम ‘डाटा बॅकअप’ म्हणून तीनशे ते आठशेत होतं, डिस्क धडधाकट असेल तर. फाइली पुसल्या गेल्यात किंवा कुणी फॉरमॅट मारलंय, अशी रिकव्हरी दोन ते सहा हजार. आतलं यंत्र बिघडलंय, डिस्क उघडावी लागणार, तर आठ हजारांपासून पंचवीस हजार आणि वरही. ते काम गल्लीत होत नाही, धूळमुक्त खोली लागते. जो “यहीं खोल देंगे” म्हणेल त्याच्या हातून डिस्क परत घ्या. मोठ्या शहरांत पाठवायची तर आधी तपासणीचं शुल्क किती, माहिती नाही मिळाली तर किती द्यायचं, आणि डिस्क परत येण्याचं कुरिअर कुणाच्या खिशातून, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

नक्कल हातात आल्यावर नवी डिस्क घालायची. जुन्या आयडीई डिस्का मिळतात, पण त्याही तेवढ्याच म्हाताऱ्या, सासऱ्याच्या जागी आजेसासरा आणल्यासारखं. त्यापेक्षा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बरं, जुन्या कॅमेऱ्यांत असायचं ते. हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, त्याला फक्त खाच बदलणारा जोड लागतो, तीनशे-पाचशेचा. चार-आठ जीबीचं कार्ड सहाशे ते बाराशे. आवाज नाही, उष्णता नाही, बारा व्होल्टचं लोढणं नाही. विंडोज ९८ला तेवढी जागा पुरून उरते. पेंटियम-फोर आणि एक्सपी असेल तर छोटी साटा एसएसडी, बारा-पंधराशेच्या आसपास, आणि बोर्डावर साटा नसेल तर अडीचशे-चारशेचा कन्व्हर्टर.

मोठं ते चांगलं, हा नियम इथे उलटा आहे. जुन्या बायॉसना आकड्यांच्या भिंती आहेत: कुणाची ५२८ एमबीला, कुणाची ८.४ जीबीला, कुणाची ३३.८ जीबीला. भिंतीपलीकडची डिस्क लावली की यंत्र ती अर्धवट ओळखतं किंवा ओळखताना गोठतं, आणि तुम्हाला वाटतं नवी डिस्कही खराब निघाली. विंडोज ९८ स्वतः १३७ जीबीपुढे गडबडतं. मेमरीचंही तेच, ५१२ एमबीच्या वर घातली तर सुरूच होईनासं होऊ शकतं. ज्याने हौसेने एक जीबी भरली आणि मग “पहिल्यापेक्षा बिघडलं” म्हणून कपाळावर हात मारला असा एक गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचा आहे, रोज आरशात भेटतो.

कुठे न्यावं, काय लिहून घ्यावं

नवे सुटे भाग आणि रोजची दुरुस्ती यासाठी कमानिया गेटहून मढातालचं जयंती कॉम्प्लेक्स, रिक्षाने थोडक्यात. दुकानं एकाला एक लागून आहेत, म्हणून पहिल्याच दुकानात हो म्हणू नका, तीन ठिकाणी तोच प्रश्न विचारा. जुने भाग गुरंदीत, तिथे हमी नाही आणि भाव तुमच्या चेहऱ्यावर. घरून निघताना मल्टिमीटर आणि जुना नमुना बरोबर घ्या, नाव घेऊन मागितलेली वस्तू तिथे मिळत नाही, दाखवून मागितलेली मिळते. इथे जमलं नाही तर नागपूर. शिवनीमार्गे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, सीताबर्डीत माल जास्त. पण आख्खा डबा नेऊ नका, फक्त बिघडलेला भाग न्या.

दुकानात देताना पावतीवर यंत्राचा आणि डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या, आत किती मेमरी आहे तेही. तपासणीचं शुल्क शंभर-तीनशे, घरी बोलावलं तर दोनशे-पाचशे, आणि काम त्यांच्याकडेच केलं तर ते बिलात वळतं का हे आधी विचारा. विंडोज नव्याने टाकायचे तीनशे-पाचशे ठीक, पण ती शेवटची पायरी. फोनवर “सब मिलाके तीन हजार” असं उत्तर आलं तर भागवार सांगायला लावा. पक्कं बिल मागितल्यावर जीएसटीचे १८ टक्के वाढतील, तरी घ्या. विनाबिलाच्या कामात पुढे वाद झाला तर हातात काही राहत नाही. बिल असेल आणि मामला चिघळला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यानेही भागलं नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पाचशेच्या फॉरमॅटसाठी कोण आयोगात जाणार? पण “डिस्क पे कुछ लिखना नहीं” ही ओळ पावतीवर असताना कुणी पंचवीस वर्षांचा मजकूर पुसला, तर प्रश्न पाचशेचा राहत नाही.

खर्चाची सीमा कुठे आखावी? मी तीन हजारांवर आखतो. यंत्रच ठेवायचं असेल, जिस्ट कार्ड असेल, डोंगल असेल, तर त्यापुढेही जावं. फक्त मजकूर हवा असेल तर यंत्र शेवटचं एकदा उठवून सगळं बाहेर काढण्यापुरता खर्च करा. आणि बाहेर काढणं म्हणजे फाइलींची नक्कल नव्हे. पेजमेकरची फाइल नव्या लॅपटॉपवर नेली तर उघडत नाही, उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चिवडा दिसतो, कारण त्या काळी प्रत्येक फाँटाची स्वतःची अक्षरजुळणी होती, युनिकोड वापरात नव्हतं. म्हणून फाइलींबरोबर फाँटांचा फोल्डरही न्या, आणि महत्त्वाचं प्रत्येक पान जुन्या यंत्रावरच पोस्टस्क्रिप्ट फाइल म्हणून छापून तिची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफ जशीच्या तशी दिसते. पुन्हा टाइप न करता मजकूर वापरायचा तर जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत. रफार आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात, निदान आडनावं तरी. वंशावळीतल्या एखाद्या घराण्याचा रफार उडाला तर पुढच्या लग्नात ऐकून घ्यावं लागतं.

सगळं बाहेर काढून झालं, आणि डबा कबाडीला द्यायचं ठरलं, तर दोनशे-चारशे रुपये येतील. डिस्क देऊ नका. तिच्यात आधारकार्डांचे स्कॅन आहेत, बँकेची पत्रं आहेत, ती घरी ठेवा नाहीतर भोक पाडून द्या. अधिकृत ई-कचरा केंद्राकडे दिलात तर उत्तम, कबाड्याकडे तांबं काढायला तारा उघड्यावर जाळल्या जातात. आणि हातगाडीवर चढवण्याआधी डब्याच्या मागे वाकून एकदा प्रिंटरच्या पोर्टाकडे बघा. आमचा जुना डबा जाताना कुणी बघितलं नव्हतं. तासाभराने आठवण झाली, तोवर गाडी फुहाऱ्याच्या पुढे गेली होती. कबाड्याने दोनशे वीस रुपये दिले होते. डोंगल सोडवायला मी त्याला तीनशे दिले.